दातांची पॉलिसी

सुगंधा गेली ते मला कळलं तेव्हा माझ्या तोंडात मशेरी होती.

फेब्रुवारीतला बुधवार होता. सकाळी आठच्या सुमारास ती पिशवी घेऊन भांडुप स्टेशनजवळच्या मच्छीबाजारात गेली. मी गॅलरीत स्टूल टाकून बसलो. मशेरी लावणाऱ्याला माहीत असतं, एकदा दातांवरून बोट फिरायला लागलं की अर्धा तास माणूस बोलत नाही. तोंड भरलेलं असतं. कुणी हाक मारली तर हुं करायचं, नाहीतर हात हलवायचा.

मोबाईल हाताशीच होता. वाजला तेव्हा मी बघितलं, सुगंधाचं नाव होतं. बाजारातून ती नेहमीच फोन करायची. "बांगडे बरे दिसतत, आणू?" असं विचारायची आणि मी काहीही बोललो तरी तिला हवं तेच आणायची. मी मनात म्हटलं, आण काय ते, आणि फोन वाजू दिला. परत वाजला. परत वाजू दिला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा सून ऋतिका ओल्या केसांनी बाहेर आली आणि तिने उचलला.

सुगंधाच्या फोनवरून कृष्णाबाई बोलत होती. कृष्णाबाई वैती म्हणजे भांडुप गावातली कोळीण. सुगंधा सत्तावीस वर्षं तिच्याकडूनच मासे घ्यायची. ऋतिकाने ऐकलं आणि माझ्याकडे बघितलं. मी मोरीत जाऊन तोंड धुतलं.

हॉस्पिटलात पोचलो तोवर सगळं संपलं होतं. हृदय बंद पडलं, असं डॉक्टरांनी सांगितलं. कॅज्युअल्टीच्या बाहेर बाकावर कृष्णाबाई बसली होती. हाताला खवले तसेच. मांडीवर सुगंधाची पिशवी, पिशवीवर तिच्या चपला. बाजारात आपली मासळी उघडी टाकून ती रिक्षात सुगंधाचं डोकं मांडीवर घेऊन आली होती. मला बघून उठली आणि म्हणाली, "मी तिला एकटी नाय ठेवली, लवू."

मी फोन उचलला असता तर काही फरक पडला असता का, हे मी नंतर डॉक्टरांना विचारलं. ते नाही म्हणाले. कृष्णाबाईही नाही म्हणाली. ती खाली बसली आणि गेली, एवढंच. दोघांवर माझा विश्वास आहे. त्या तीन रिंगा मात्र अजून ऐकू येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परत मशेरी लावली. लाज वाटली, पण लावली. पंचेचाळीस वर्षांची सवय. ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं चालत नाही. आमच्याकडे बायकाच जास्त लावतात. मी आईकडून शिकलो. आई तव्यावर तंबाखूची पानं काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि डबीत भरायची. लग्नानंतर काही वर्षं सुगंधाने मला भाजून दिली. मग सौरभ झाला. धुराने त्याला खोकला यायला लागला तसं तिने भाजणं बंद केलं. म्हणाली, "तुका होयी तर बाजारातसून आण." मी पुड्या आणायला लागलो.

मी मरोळला एका कारखान्यात लेथ चालवायचो. चौतीस वर्षं. दरवर्षी तिथे तपासणीला डॉक्टर यायचे. रांगेत उभं करून विचारायचे, तंबाखू? मी नाही म्हणायचो. सिगारेट? नाही. दारू? शिमग्याला. ते हसायचे आणि पुढच्याला बोलवायचे. मी खोटं बोलतोय असं मला एकदाही वाटलं नाही. तंबाखू माझे काका खायचे. हातावर चुना घेऊन मळायचे, खिडकीतून थुंकायचे. आम्ही दात घासत होतो.

सुगंधा जायच्या आधी महिनाभर माझी डावीकडची खालची दाढ दुखत होती. त्याच बाजूला गालाच्या आत एक पांढरा डाग आला होता. चुना लागून वाळावा तसा. जीभ लावली की खरखरीत लागायचा. आरशात बघितला तेव्हा मी दिवा बंद करून बाहेर आलो. कुणाला सांगितलं नाही. उजव्या बाजूने खायला लागलो. घरात कुणाला कळलं नसेल असं मी धरून चाललो.

त्या तेरा दिवसांत आमच्या घरी चूल फारशी पेटली नाही. पेटवायची वेळच आली नाही. मजल्यावरच्या बायकांनी आपसांत दिवस वाटून घेतले होते, ते मला नंतर कळलं. दोन्ही वेळचा डबा दारात. डबे धुऊन परत द्यायला गेलं तर आतून कुणीतरी म्हणायचं, "राहू दे हो, ऋतिकाला दमू नको म्हणावं." मी कारखान्यात होतो तेव्हा यातली निम्मी नावंही मला माहीत नव्हती. सुगंधाला माहीत होती. तिने जोडलेल्या माणसांनी मला जेवू घातलं.

दहाव्या दिवशी दाढेने डोकं वर काढलं. डाव्या बाजूला कानापर्यंत कळ गेली आणि मी ताटावरून उठलो. सौरभने बघितलं. त्याच्या कंपनीची जी मेडिकल पॉलिसी आहे तीत हॉस्पिटलचा खर्च मिळतो, आईवडिलांचाही. दातांचं मात्र काही मिळत नाही. त्याने निलेशला फोन केला. निलेश माझ्या चुलतभावाचा मुलगा. कांजूरमार्गला नोकरी करतो आणि वर विम्याचं काम बघतो. मुलगा सरळ आहे, तोंडाने चपळ.

तो संध्याकाळी कागद घेऊन आला. सुगंधाच्या फोटोला नमस्कार केला, मग म्हणाला, "काका, दातांची वेगळी पॉलिसी असते. फक्त तुमच्या एकट्याच्या नावावर. सफाई, भरणं, रूट कॅनल, दाढ काढणं, सगळं यात. एकदम झकास."

"मग उद्याच दाढ काढून येतो," मी म्हटलं.

"तसं नाही ना. पहिले नव्वद दिवस काही मिळत नाही. आणि आधीपासून जे बिघडलंय ते धरत नाहीत."

"त्यांना कसं कळणार आधीपासून काय बिघडलंय?"

"डॉक्टरच्या कागदावरून. म्हणून कागद आधी करायचाच नाही. पॉलिसी घ्या, नव्वद दिवस गप बसा, मग जा डेंटिस्टकडे. तोवर लवंग धरा दाताखाली. सगळे हेच करतात, काका."

फॉर्मवर पाच प्रश्न होते. निलेश वाचायचा आणि मी उत्तर द्यायचो. चौथा तंबाखूचा होता.

"तंबाखू, गुटखा, सिगारेट, काही नाही ना?"

"नाही."

स्वयंपाकघरातून ऋतिका म्हणाली, "आणि मशेरी?"

"वहिनी, मशेरी दात घासायला असते," निलेश म्हणाला.

"तंबाखूचीच असते ना पण?"

"अहो माझी आई लावते. ती काय तंबाखू खाते काय? तिच्यासमोर बोला असं, लाटणं घेऊन येईल."

ऋतिका बाहेर येऊन दारात उभी राहिली. ती कल्याणकडची, तिच्या माहेरी हा प्रकार नाही. माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "आमच्यात त्याला तंबाखू म्हणत नाहीत." ती परत स्वयंपाकघरात गेली. निलेशने 'नाही'वर टिक केली.

सही मी त्या दिवशी केली नाही. सुतकात नवीन काही करायचं नसतं, असं निलेशच म्हणाला. चौदाव्या दिवशी मासे करून सगळे एकत्र जेवले की घर मोकळं होतं. मग सही करायची ठरली.

खरं सांगायचं तर मला ते नव्वद दिवस बरे वाटले. नव्वद दिवस कुणी तोंड उघडायला सांगणार नव्हतं. आणि त्यानंतरचं मी धरतच नव्हतो. पॉलिसी वर्षाची होती. पुढचं वर्ष म्हणजे काय, ते मला तेव्हा दिसत नव्हतं. सौरभच्या समाधानासाठी सही करू, एवढाच विचार होता.

चौदाव्या दिवशी कृष्णाबाई स्वतः मासळी घेऊन आली. सुरमईच्या तुकड्या, कोळंबी, सगळं साफ करून. ती सत्तरीची बाई दोन मजले चढून आली, दम खात दारात उभी राहिली आणि ऋतिकाला म्हणाली, "पाणी दे गं पोरी. आणि मसाला तुझ्या सासूचा काढ, तुझा नको." ऋतिका हसली. दोन आठवड्यांत ती पहिल्यांदा हसली असेल. सुगंधाने भरून ठेवलेली बरणी तिने खाली काढली.

आम्ही जेवायला बसलो. मी, सौरभ, निलेश, कृष्णाबाई. पहिला घास घेताना सौरभचे डोळे भरले, म्हणून मी खाली बघून जेवत होतो. सुरमई हाताने बारीक करत होतो आणि तशीच आत सोडत होतो.

"लवू, तू गिळतोस," कृष्णाबाई म्हणाली.

"नाही हो."

"पन्नास वरसं मी मासळी विकते. खाणारा कोण नि गिळणारा कोण मला कळतं. उगड तोंड."

"जेवताय ना तुम्ही."

"जेवण कुठं जात नाय. उगड."

सौरभ आणि निलेश थांबून बघायला लागले. मी तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, "दाढ दुखते थोडी. त्याचीच व्यवस्था चाललीय. निलेश पॉलिसी करतोय दातांची. नव्वद दिवसांनी दाखवायचं."

"नव्वद दिवसांनी म्हणजे?"

निलेशने तिला सगळं समजावून सांगितलं. ती तुकडी हातात धरून ऐकत होती.

"म्हणजे आज दुखतंय ते तीन महिन्यांनी दाखवायचं?"

"तशी पद्धत असते, आजी."

"कुणाची?"

"कंपनीची."

"मग कंपनीला सांग तोंड दाखवायला. हा काय तोवर बरफ लावून ठेवणार हाय तोंडाला?"

कृष्णाबाईने हात धुतला, ऋतिकाचा मोबाईल मागितला, त्याची बॅटरी लावून घेतली आणि माझ्यासमोर येऊन बसली. मी पोरासारखं तोंड उघडलं. तिने माझा गाल बोटाने बाजूला केला. बराच वेळ बघितलं. मग बॅटरी बंद केली.

"तिला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय?"

"महिनाभर ती माझ्याकडनं बोंबील नेत होती. मी म्हणलं, काय गं, दुसरं काय खात नाय काय तुझा नवरा? तर म्हणली, ह्याला एका बाजूनं चावत नाय. सांगत नाय, पण मी बगते रोज. बोंबील दे, मऊ हाय. त्या दिवशी पण मी बोंबीलच निवडत होते तिच्यासाठी. वर बगते तर ती खाली बसलेली."

सौरभने हातातला घास ताटात ठेवला.

मला महिनाभरातली जेवणं आठवली. बोंबलाचं कालवण, बोंबलाचं तिखलं, परत कालवण. मी एकदा चिडून म्हटलं होतं, "रोज बोंबील काय गो? बाजारात दुसरा काय गावना नाय?" ती म्हणाली होती, "सगळा म्हाग आसा. गप जेव." महागाईवर मी चार वाक्यं बोललो होतो आणि जेवलो होतो. डाव्या बाजूबद्दल तिने मला एका शब्दाने विचारलं नाही. मी सांगेन म्हणून वाट बघत असेल. बेचाळीस वर्षांत तिने मला ओळखलं होतं. मागे लागली असती तर मी मुद्दाम गेलो नसतो.

"उद्या सकाळी निशाकडे ये," कृष्णाबाई उठत म्हणाली. "मी पण येते. न्यायला येऊ का येशील आपणहून?"

"येतो," मी म्हटलं.

निशा म्हणजे कृष्णाबाईची धाकटी मुलगी. बाजारात आईच्या मागे पोत्यावर बसून ती अभ्यास करायची, तेव्हापासून मी तिला बघतोय. आता दातांची डॉक्टर आहे. स्टेशनरोडच्या आतल्या गल्लीत झेरॉक्सच्या दुकानावर तिचा दवाखाना. मी पॉलिसीचा कागद खिशात घालून गेलो. कृष्णाबाई बाहेर बसली आणि बाकावरच्या बायकांना पापलेटचा भाव सांगायला लागली.

निशाने मला खुर्चीवर आडवं केलं आणि आपला केसपेपर पुढे ओढला.

"काका, तंबाखू?"

"नाही."

"मशेरी?"

"ती लावतो."

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. कधी तीनदा."

"किती वर्षं?"

"पंचेचाळीस तरी."

ती लिहीत होती. लिहिता लिहिता, सहज विचारावं तसं तिने विचारलं, "मशेरी कशाची करतात, काका?"

"तंबाखूची," मी म्हटलं.

माझं मलाच ऐकू आलं. मरोळचे डॉक्टर आठवले, ती रांग आठवली. चौतीस वर्षं दरवर्षी एकदा.

"माझी आजी पण तंबाखूला नाही म्हणायची," निशा म्हणाली. "म्हणून मी दोन वेगळे प्रश्न विचारते. लाजू नका. आता मोठा आ करा."

तिने आरशाने बघितलं, हातमोज्याचं बोट डागावर फिरवलं, गळ्याखाली दाबून बघितलं. दाढ ठोकली तेव्हा मी खुर्ची धरली. मग ती लिहायला वळली आणि मी म्हटलं, "निशा, हे आज लिहू नको. तीन महिन्यांनी लिही."

तिने पेन खाली ठेवलं. मी खिशातला कागद दिला आणि निलेशचं सगळं सांगितलं. वाटलं, रागावेल. तिने चष्मा वर करून सगळा कागद वाचला, मागचं बारीक अक्षरसुद्धा, आणि माझ्यासमोर धरला.

"हे बघा. सफाई आहे, भरणं आहे, दाढ आहे, रूट कॅनल आहे. पॉलिसी वाईट नाही. पण हा गालातला डाग यात नाहीच. तोंडातल्या गाठी, डाग, त्यांची तपासणी, काही नाही. तुम्ही ज्याच्यासाठी तीन महिने लपून बसणार होता, ते यात मिळणारच नव्हतं."

"मग दाढ?"

"दाढेसाठी तीन महिने थांबलात तर दुखून दुखून वेडे व्हाल. डागासाठी तुम्ही थांबलात तर मी आईला सांगेन." मग ती हळू बोलली. "आणि आज लिहिलं नाही, तर पुढच्या डॉक्टरला कळणार कसं, हा किती दिवसांचा आहे ते? माझ्या लिहिण्याचा उपयोग त्याला आहे."

"कॅन्सर आहे का?"

"बघून सांगता येत नाही. छोटा तुकडा काढून तपासावा लागेल. हॉस्पिटलात चिठ्ठी देते. उद्याच जा."

मी म्हटलं, "लिही."

तिने तारीख घातली. डावा गाल, डागाची लांबी-रुंदी, मशेरी पंचेचाळीस वर्षं. मी खुर्चीवर बसून बघत होतो. पैसे विचारले तर म्हणाली, "तपासायचे आईकडे द्या, ती घेणार नाही."

रात्री सौरभला सांगितलं. तो आधी चिडला. "बाबा, मला का नाही सांगितलंत? आईला माहीत होतं, मला नाही?" मी म्हटलं, "तिलाही सांगितलं नव्हतं. तिने बघितलं." मग त्याने ऑफिसला फोन केला. दुसऱ्या दिवशी रजा टाकून माझ्याबरोबर आला. हॉस्पिटलात तुकडा काढायला दहा मिनिटंही लागली नाहीत. रिपोर्टला नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मशेरी बंद केल्यामुळे मी सगळ्यांवर खेकसत होतो. ऋतिका सकाळी न बोलता गरम पाण्याचा पेला आणि बडीशेप पुढे ठेवायची. चौथ्या दिवशी मी तिला काहीतरी टोचून बोललो तर म्हणाली, "बोला, बोला. मोकळ्या तोंडाने बोलताय तेच बरंय. आधी सकाळी नुसतं हुं असायचं." मी बडीशेप तोंडात टाकली.

रिपोर्ट घेऊन मी आणि सौरभ निशाकडे गेलो. तिने दोनदा वाचला. कॅन्सर नव्हता. पेशी बदलायला लागल्या होत्या, सुरुवात होती. मशेरी कायमची बंद, औषध, आणि दर तीन महिन्यांनी तपासणी. "वेळेत आलात, काका," ती म्हणाली. त्याच आठवड्यात तिने ती दाढही काढली. त्या रात्री मी सरळ झोपलो.

वेळेत मी आलो नव्हतो. मला आणलं होतं. एकीने बोंबील आणून, दुसरीने तोंडात बॅटरी मारून. मी देवाधर्माचं फार करत नाही, पण त्या दिवशी परत येताना गावदेवीच्या देवळात दोन मिनिटं उभा राहिलो. काय म्हणायचं ते नीट कळलं नाही. नुसता उभा राहिलो. बाजारात जाऊन कृष्णाबाईला रिपोर्टचं सांगितलं. ती कोयत्याने मासा कापत होती. म्हणाली, "बरं झालं," आणि पुढच्या गिऱ्हाईकाकडे वळली. मग परत हाक मारून म्हणाली, "लवू, आता बांगडा खा."

राहिली पॉलिसी.

सौरभ म्हणाला, आता कशाला घ्यायची, दाढ तर गेली. निलेशला वाटलं, मी त्याच्यावर रागावलोय. दोन आठवडे त्याचा फोन नव्हता. मग तोच आला, खाली मान घालून. म्हणाला, "काका, मी आईला नेलं निशाताईकडे. शिव्या घातल्या तिने वाटेत मला. पण नेलं. तिचं ठीक आहे सगळं." मी त्याला बसवलं आणि चहा दिला. त्याचं मन वाईट नव्हतं. जे मला माहीत नव्हतं तेच त्यालाही माहीत नव्हतं.

"ती पॉलिसी मिळेल का अजून?" मी विचारलं.

"घ्यायचीय तुम्हाला?"

"माझे चोवीस दात आहेत. ते पडेपर्यंत मला जेवायचं आहे."

तो हसला. जुना फॉर्म मी फाडून टाकला होता. त्याने नवा काढला. या वेळी मी स्वतः लिहायला बसलो. चौथ्या प्रश्नावर 'हो' केलं आणि पुढच्या ओळीत लिहिलं, मशेरी, पंचेचाळीस वर्षं, आता बंद. निशाचा कागद आणि रिपोर्ट जोडला.

"फॉर्म परत येईल हो काका," निलेश म्हणाला. "नाहीतर काहीतरी अट घालतील."

"घालू देत."

उत्तर अट घालून आलं. डाव्या गालाचं आणि त्या दाढेच्या जागेचं काही मिळणार नाही. बाकीचं सगळं नव्वद दिवसांनंतर. सौरभने विचारलं, हे चालेल का. मी म्हटलं, चालेल. गालाचं निशा बघतेच आहे, आणि ते लपवायचं आता काही राहिलं नाही. दातांच्या पॉलिसीने माझं फार मोठं भलं होईल असं मला वाटत नाही. पण फेब्रुवारीपासून मी पुढच्या महिन्याचंसुद्धा काही ठरवत नव्हतो. आता हे एक ठरवलं, वर्षभराचं. सुगंधाने महिनाभर माझ्या दातांकडे बघून स्वयंपाक केला. ते दात नीट ठेवणं मला जमण्यासारखं आहे.

कंपनीने अट मान्य असल्याचा कागद पाठवला आहे. तो भरून परत द्यायचा. काल दुपारी जेवण झाल्यावर मी बसून भरला. नाव, जन्मतारीख, पत्ता, परत तोच तंबाखूचा प्रश्न, अट मान्य, सगळं भरलं. शेवटी वारसदाराच्या नावाची ओळ आहे. कारखान्याचा फंड, बँक, पोस्ट, आजवर जिथे जिथे ही ओळ आली तिथे मी विचार न करता सुगंधा लिहिलं. कालही पेन त्याच अक्षरावर गेलं. मी उचललं.

तिथे सौरभचं नाव लिहायचं आहे. ते अजून लिहिलेलं नाही.